चालू आहे ना, मग झालं तर

...आणि वर मलाच विचारतात, "तुम्ही काय करत होता?" मी काय करत होतो? अहो, त्या घरात मी सोडून दुसरं कुणी काही करतच नव्हतं. तुम्हाला सांगतो, अगदी शपथेवर सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं. म्हणजे एका ठिकाणी मी हजर नव्हतो, तिथलं मेहुण्याकडून ऐकलंय, आणि मेहुणा खोटं बोलतो. शिवाय एखादी गोष्ट मी पदरची लावली असेल... ती कुठली ते शेवटी सांगतो, आत्ता सांगितली तर तुम्ही उठून जाल. पण बाकी सगळं खरं. पाणी खरं, पडदा खरा, आणि पंप तर इतका खरा की त्याचा आवाज मला आता झोपेतसुद्धा कळतो.

साधा पंप नाही हं. संप पंप. तळघराच्या कोपऱ्यात एक खड्डा असतो, जमिनीतून झिरपलेलं पाणी त्यात गोळा होतं, त्या खड्ड्याला म्हणतात संप, आणि त्यात उभा केलेला तो संप पंप. आता मला सांगा, ज्याच्या नावातच संप आहे त्याला कुणी कामावर ठेवतं का? पण ठेवलाय. त्याला एक वायर, वायरच्या टोकाला पोकळ गोळा. पाणी वर आलं की गोळा तरंगत वर येतो, गोळा वर आला की पंप सुरू होतो, पाणी बाहेर गटारात फेकतो, पाणी उतरलं की गोळा खाली, पंप गप्प. असा हा दिवसभर उठतो, बसतो, उठतो, बसतो. आमच्या घरातला एकमेव जीव जो कुणी हाक मारायच्या आधी उठतो. आणि म्हणूनच त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. कुणाला विचारा, "पंप कसा आहे?" उत्तर ठरलेलं. "चालू आहे ना, मग झालं तर."

घर सासूबाईंचं. हो, सांगून टाकतो, मी घरजावई आहे. म्हणजे मी तसं म्हणत नाही, मी म्हणतो 'सासूबाईंना सोबत म्हणून राहतो', पण दारात कुणी आलं की सासूबाई ओळख करून देतात, "हे आमचे जावई, इथेच असतात." इथेच असतात. जशी काही घरांत ओल असते, तसे आमच्याकडे जावई असतात.

आणि ओल तर आहेच. घराखाली कुठेतरी झरा आहे, बांधणाऱ्याला तो ठाऊक होता, त्याने घर विकलं आणि तो डोंगरावर राहायला गेला असं म्हणतात. पण तळघर झकास. घराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग, मध्ये एक खांब नाही. आणि तिथे माझ्या बायकोचं काम चालतं. ती पडदे शिवते. लग्न झाल्यापासून शिवतेय. दवाखान्याचे शिवले, शाळेचे शिवले, बँकेचे शिवले, त्या बँकेचा साहेब एकदा तिला म्हणाला, "पडदे चांगले आहेत, लक्षातच येत नाहीत." हे तिचं आजवरचं सगळ्यात मोठं कौतुक. बरोबरच आहे म्हणा, खिडकीच्या पडद्याकडे कोण बघतं? त्याला बाजूला सारून पलीकडे बघतात.

तर अशा बाईला नाट्यगृहाचं काम मिळालं. जुनं नाट्यगृह डागडुजी करून पुन्हा उघडणार होतं आणि त्याचा रंगमंचाचा पडदा हिने शिवायचा होता. किरमिजी मखमल. ताग्यांवर तागे उतरले घरात. तुम्हाला सांगतो, मी तिला एवढी गप्प कधी पाहिली नव्हती. रागाची गप्प नाही, ती मला ओळखू येते. ही वेगळी. एकदाच म्हणाली, मशीनवरून मान न उचलता, "अहो, या पडद्याकडे लोक बघत बसतील ना? सुरू व्हायच्या आधी. दुसरं काही नसेल तिथे बघायला." मी म्हटलं, "बसतील." बस, एवढंच. पण मला कळलं. म्हणजे मला बऱ्याच गोष्टी कळतात, मी बोलत असतो म्हणून लोकांना वाटतं कळत नाहीत.

आता एवढा पडदा पसरायला जागा कुठे? तळघरात. जमिनीवर. खाली चादरी अंथरल्या, वर मखमल, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत लाल समुद्र, आणि त्या समुद्राच्या कोपऱ्यावर, तीन हातांवर, तो खड्डा. मी म्हटलं, "अगं, हा पंप बंद पडला तर?" ती म्हणाली, "तुम्ही नाहीतरी दिवसभर बोलतच असता. आता जरा ऐका. पंपाचं ऐका." झालं. माझी नेमणूक झाली.

आणि मी ऐकलं हो. मन लावून ऐकलं. कुणी बायकोचं एवढं ऐकत नाही तेवढं मी पंपाचं ऐकलं. खड्ड्याशेजारी स्टूल टाकून बसायचो. हळूहळू कळायला लागलं. सुरू होताना तो खाकरतो. मग घुर्र... असा एक लांब, घोगरा सूर लावतो, बायकोची एक शिवण या टोकापासून त्या टोकाला जाईपर्यंत त्याचं पाणी उपसून होतं, आणि शेवटी, पाणी तळाला गेलं की, ढेकर. खरंच ढेकर. पोटभर जेवलेल्या माणसासारखी. मग गप्प. मी मेहुण्याला सांगितलं, "पंप ढेकर देतो." तो म्हणाला, "भावोजी, आणि बडीशेप मागत नाही का?"

हा माझा मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ. स्वतः काय करतो? तो 'बघतो'. कुठलंही काम सांगा, "बघतो." आणि माझं काही ऐकायचं म्हटलं की आधी हसायची तयारी करून बसतो. आमच्या घरात, तुम्हाला म्हणून सांगतो, माझं बोलणं भागून घ्यायची पद्धत आहे. मी म्हटलं गुडघाभर, की त्यांनी समजायचं घोटाभर. मी म्हटलं घोटाभर, की त्यांनी समजायचं फरशी जरा दमट आहे. मी म्हटलं बाजारात हजार माणूस होतं की हे आपापसात म्हणणार, "म्हणजे चार ओळखीचे भेटले असतील." एकदा मला ताप आला होता, भरपूर ताप, तर यांनी तो भागून मला बाजारात पाठवलं.

यांच्यात त्यातल्या त्यात सासूबाई बऱ्या, त्या भागत नसत. त्या ऐकतच नसत. ऐकू कमी येतं त्यांना, निदान माझं तरी. इतकी वर्षं मी त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसून एकाहून एक किस्से सांगितले, बाईंच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही. शेवटी विचारायच्या, "झालं?"

पण मासा ऐकला.

हो, मासा. खड्ड्यात मासा होता. बोटाएवढा. म्हणजे खड्ड्याजवळ मी तासन्‌तास काय बघत असतो असं सासूबाईंनी जिन्याच्या वरच्या पायरीवरून विचारलं, आणि मी म्हटलं, "आई, इथे मासा आहे." झऱ्यातून आला असणार. चंदेरी. आणि इतकी वर्षं ज्यांनी माझं काही ऐकलं नाही त्या सासूबाई दोन पायऱ्या खाली उतरल्या.

"केवढा?"

"हा... वीतभर."

"डोळे आहेत का त्याला?"

आता हा काय प्रश्न? पण मी म्हटलं, "नाहीत. जमिनीखालचा ना. अंधारातच जन्म गेला, डोळे कशाला लागतात?"

"अगं बाई," सासूबाई म्हणाल्या. "आणि खातो काय?"

"काय खाणार? चिखल चाखतो."

बाई वर निघून गेल्या. पण दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी जिन्याच्या वर उभ्या. "जावईबापू, आहे का?" मी खालून म्हणायचो, "आहे, आई." "मग झालं तर." आणि जायच्या. अहो, मला काय वाटलं असेल सांगा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा बाई आपण होऊन माझ्याशी बोलायला यायच्या. मी पण रोज काहीतरी सांगायला लागलो. आज जरा सुस्त आहे. आज वर येऊन तोंड उघडलं. आज पंप सुरू झाला तेव्हा घाबरून कोपऱ्यात गेला. मासाही तोवर हातभर झाला होता, वाढतं वय.

आणि एक दिवस ढेकर बंद झाली.

पंपाची. खाकरला, घुर्र झालं, पण तो सूर लांबतच गेला. बायकोची एक शिवण संपली, ती दुसऱ्या शिवणीला लागली, तरी याचं चालूच. आणि शेवटी ढेकर नाही. ताटावरून अर्धपोटी उठल्यासारखा, नुसता थांबला. मी म्हटलं असेल, आज नसेल मन. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तर त्याच्या घशात काहीतरी अडकल्यासारखी घरघर. तुम्ही म्हणाल यात एवढं काय? अहो, यातच सगळं आहे. तो बंद पडणार होता आणि बंद पडायच्या आधी सांगत होता. आणि ऐकणारा एकटा मी.

मी प्लंबरला फोन लावला. म्हटलं, "पंपाची ढेकर बंद झालीये."

"काय बंद झालंय?"

"ढेकर. आणि घशात घरघर आहे."

"साहेब, पंप चालू आहे का?"

"चालू आहे, पण..."

"पाणी फेकतोय का?"

"फेकतोय, पण पूर्वीसारखं मन लावून..."

"चालू आहे ना, मग झालं तर. बंद पडला की फोन करा, लगेच येतो."

"अहो, पण बंद पडायच्या आधीच बघायला नको का?"

"आधी येऊन काय दुरुस्त करू, साहेब? दुरुस्त करायला आधी बिघडायला नको?"

म्हणजे डॉक्टरकडे जावं आणि त्याने म्हणावं, श्वास चालू आहे ना, थांबला की या.

बायकोकडे गेलो. ती मखमलीच्या मध्यावर गुडघ्यांवर बसून काठ टाचत होती, तोंडात टाचण्या. म्हटलं, "अगं, पंप आजारी आहे." तिने टाचण्या काढल्या, एकेक. "किती आजारी?" "खूप." भागलं तिने, मला तिच्या डोळ्यांत भागाकार दिसला. "चालू आहे ना?" "आहे, पण..." "मग झालं तर. अहो, उद्घाटन आठवड्यावर आलंय, मला घाबरवू नका." आणि मेहुणा जिन्यात बसून चहा पीत म्हणतो, "ताई, त्या हातभर आंधळ्या माशाने सांगितलं असेल यांना." हसले दोघं. मी पण हसलो, काय करणार? आपल्यावर सगळे हसत असताना आपणच नाही हसलो तर फार उघडं पडायला होतं.

तर मग मी ठरवलं, माझं ऐकत नाहीत ना, यंत्राचं ऐकतील. हार्डवेअरच्या दुकानात गेलो. म्हटलं, पाणी वर आलं की ओरडणारं काही आहे का? त्याने एक डबी दिली. दोन तारा पाण्याच्या वर टांगायच्या, पाणी तारांना टेकलं की डबीतली बाई बोलते. बाई म्हणजे काय आवाज, अगदी सुसंस्कृत. लावून दाखवलं त्याने. आधी एक धून, मग, "पाणी भरलेले आहे. कृपया मोटर बंद करा."

आलं लक्षात? तुमच्या आलं, माझ्याही आलं. ती डबी गच्चीवरच्या टाकीची होती. टाकी भरली की मोटर बंद करायची असते, बरोबर. माझ्या खड्ड्यात उलटं. पाणी भरलं की मोटर चालू हवी, तीच तर धडपड. मी दुकानदाराला म्हटलं, "चालू करा म्हणणारी बाई नाही का?" तो म्हणाला, "अशी बाई येत नाही." मी विचार केला, जाऊ दे. पहिलं वाक्य तर बरोबर आहे, 'पाणी भरलेले आहे'. दुसरं वाक्य कोण ऐकतंय? आमच्या घरात मी कधी दुसऱ्या वाक्यापर्यंत पोचलोच नाही. नेऊन टांगली.

आता तो दिवस. पडदा शिवून झाला होता. शेवटचा टाका घालून बायको त्याच्या कडेला उभी राहिली, हाताची घडी घालून, आणि मी पण शेजारी उभा राहिलो, आणि तुम्हाला सांगतो, मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी टेम्पो येऊन तो घेऊन जाणार होता. त्याआधी वरच्या दांडीचे हूक तपासायला आम्हा दोघांना नाट्यगृहात बोलावलं होतं. बाहेर पाऊस नुसता लागून राहिलेला, उघडायचं नाव नाही, म्हणजे जमिनीखाली काय चाललं असेल? मी म्हटलं, "मी थांबतो घरी." ती म्हणाली, "हूक इतके उंच आहेत, शिडी कोण धरणार?" म्हटलं मेहुण्याला ने. मेहुणा म्हणाला, "बघतो." म्हणजे मी.

निघताना मेहुण्याला बजावलं. "हे बघ, पंपावर लक्ष ठेव. दर थोड्या वेळाने जाऊन बघ. काही वेगळं वाटलं की मला फोन." "भावोजी, तुम्ही निर्धास्त जा."

नाट्यगृहात गेलो. रिकामा रंगमंच, वर नुसती दांडी. बायको पहिल्या रांगेतल्या खुर्चीत जाऊन बसली आणि वर बघत राहिली, जिथे तिचा पडदा येणार होता तिथे. व्यवस्थापक तिला म्हणत होता, "बाई, उद्घाटनाच्या दिवशी तुमचं नाव घेणार आहोत आम्ही." ती म्हणाली, "कशाला उगीच." पण तिने साडीचा पदर सारखा केला. मी शिडीखाली. माझं सगळं लक्ष घरी. फोन लावला मेहुण्याला.

"पंप कसा आहे?"

"चालू आहे."

"चालू म्हणजे? नीट आहे म्हणजे चालू, का आत्ता फिरतोय म्हणजे चालू?"

"भावोजी, चालू म्हणजे चालू. मघापासून चालूच आहे. मस्त चालू आहे."

"मघापासून? मध्ये थांबला नाही?"

"नाही ना. एकदम जोरात."

माझ्या पोटात गोळा आला, आणि आला तो आला, तो पंपाच्या गोळ्यासारखा खाली जाईना. अहो, जो पंप थांबत नाही त्याचं पाणी संपत नाही. मी बायकोला म्हटलं, "चल, घरी जायचं." ती म्हणाली, "काय झालं?" "पंप चालू आहे." तिने माझ्याकडे असं बघितलं... तुम्ही बघताय तसंच. "चालू आहे म्हणून घरी जायचं?" व्यवस्थापकसुद्धा म्हणाला, "चालू आहे ना साहेब, मग झालं तर." त्याला कुणी विचारलं होतं?

मी जायला निघालोच होतो. म्हटलं, राहू दे तुझी शिडी. दारात पोचलो आणि शेवटचा म्हणून एक फोन केला.

"आता काय?"

"आता बंद आहे."

बंद. तुम्हाला सांगतो, कानाला इतका गोड शब्द लागला तो. बंद म्हणजे उपसून झालं. बंद म्हणजे पाणी उतरलं, गोळा खाली गेला, पंप विसावला. मी विचारलंसुद्धा, "ढेकर दिली का?" तो म्हणाला, "दिली असेल." आणि मी, जो महिनाभर त्या खड्ड्याशी बसून होतो, जो या एका वाक्यावर सगळ्या जगाशी भांडत होतो, तो मी काय म्हणालो माहितीये? मी म्हणालो, "बंद आहे ना, मग झालं तर." परत आलो. शिडी धरली. व्यवस्थापकाने चहा मागवला, तोही प्यालो.

आता घरी काय झालं ते मेहुण्याचं सांगणं. मी नव्हतो, मेहुणाही नव्हता, तो वर झोपला होता, पण ते तो सांगत नाही. पाणी वर आलं. डबीतल्या बाईच्या तारांना टेकलं. धून वाजली. "पाणी भरलेले आहे. कृपया मोटर बंद करा." आणि सासूबाईंना, ज्यांना माझं काही ऐकू येत नाही त्यांना, ती बाई जिन्याच्या वरून ठणठणीत ऐकू आली. दोन्ही वाक्यं. सासूबाई जिन्यात आल्या आणि भिंतीवरचं बटण बंद केलं. का नाही करणार? कुणी इतकं नीट, 'कृपया' म्हणून सांगतंय. मी कधी 'कृपया' म्हटलं होतं? मग मेहुणा उठला, माझा फोन आला म्हणून उठला, जिन्यातून डोकावून बघितलं, पंपाचा आवाज नाही; डबीतली बाई मोटर बंद करा म्हणत होती, आणि ती तर बंदच होती. "आता बंद आहे."

आम्ही घरी आलो तेव्हा दारातच ती बाई ऐकू आली. "पाणी भरलेले आहे. कृपया मोटर बंद करा." थकत नाही ती. मी धावत खाली गेलो, शेवटच्या पायरीवरून पाय टाकला, पाणी घोट्यावर आलं. आणि वरून बायकोने विचारलं, "अहो, किती आहे?"

आता बघा हं. आयुष्यात पहिल्यांदा, तुमच्या गळ्याशपथ, मी जेवढं होतं तेवढंच सांगितलं. "घोटाभर."

आणि तिने ते भागलं. फरशी जरा दमट. ती शांतपणे दारात बसली, चपलांचे बंद सोडले, चपला जागेवर ठेवल्या, छत्री झटकून उभी केली, आणि मग खाली आली.

मखमल पाणी पिते हे मला माहीत होतं. पण अशी? तो पडदा पाणी पिऊन इतका जड झाला होता की आम्ही तिघांनी एक टोक धरलं आणि ते टोकसुद्धा जागचं हलेना. शेजारी आले, त्यांनी धरलं. घोट्याएवढं सगळं पाणी लाल. बायको ओरडली नाही. तिने मशीनच्या स्टुलावर पाय वर घेऊन बसून घेतलं आणि त्या पाण्यात तिच्या टाचण्यांची डबी तरंगत होती ती उचलून झाकण लावलं. बस.

मग प्लंबर आला. लगेच आला, बोलल्याप्रमाणे. "आता बंद पडला ना, आता बघतो." मी म्हटलं, "पडला नाही, पाडला." त्याने खड्ड्यात हात घातला, खांद्यापर्यंत, आणि पंपाच्या तळाच्या जाळीतून एक मूठ भरून काढलं. पांढरं, लिबलिबीत, फुगलेलं. परत हात घातला, परत तेच. वास घेतला.

"पाव आहे हा," प्लंबर म्हणाला. "खड्ड्यात पाव कोण टाकतं?"

आम्ही सगळे एकमेकांकडे बघतोय. आणि जिन्याच्या वरून सासूबाई म्हणाल्या, "नुसता चिखल चाखून कसं भागेल त्याचं?"

अहो, रोज. तुम्ही जेवायला वर गेलात की रोज, त्या म्हणाल्या. मऊ भाग तेवढा काढून, बारीक करून. आंधळा आहे ना, सापडायला हवा.

मेहुण्याने माझ्याकडे बघितलं. प्लंबरने बघितलं. बायकोने नाही बघितलं, ते जास्त वाईट. प्लंबर जाळी धूत म्हणाला, "तसा चालत होता हा. पाव अडकून जीव अर्धा झाला होता, तरी उपसत होता. कुणी बटण बंद केलं नसतं तर रात्रीपर्यंत रेटलं असतं त्याने." मग सासूबाईंनी विचारलं, "मासा कुठे गेला?" फक्त ती डबीतली बाई बोलत होती.

पडदा? पडदा वाळवला. गच्चीवर पंखे लावून, इस्त्र्या फिरवून, शेजारपाजारच्या बायका रात्रंदिवस. रंग जमेल तसा जमवला. दुसरा आणायला वेळ नव्हता म्हणून नाट्यगृहाने तोच लावला. आणि मखमल आटली होती. वरून धरून खालपर्यंत आटून आटून पडदा जमिनीपासून वर राहिला... किती सांगू? घोटाभर. भागू नका.

उद्घाटनाला आम्ही गेलो. माणसं भरलेली. दिवे मालवले, पडद्यावर उजेड पडला, सगळे बघायला लागले. तिने म्हटलं होतं तसंच, दुसरं काही नव्हतं बघायला. आणि पडद्याच्या खाली त्या फटीतून पाय दिसत होते. बूट इकडून तिकडे पळतायत, कुणी खुर्ची सरकवतंय, एक अनवाणी पाय दुसऱ्या पायाला खाजवतोय. कुणीतरी हसलं. मग सगळं नाट्यगृह हसलं. व्यवस्थापकाने नाव घेतलं नाही, उपकारच केले. बायको माझ्या शेजारी सरळ बसून होती. म्हणाली, "काठ सरळ आहे." मी म्हटलं, "एकदम सरळ." आणि होता हो काठ सरळ. शेवटच्या टाक्यापर्यंत सरळ.

पुढचं काम त्यांनी दुसरीकडे दिलं. ही पुन्हा खिडक्यांवर आली. परवा एका दवाखान्यात तिचे पडदे लावून आलो, कुणाच्या लक्षातसुद्धा आले नाहीत, छान झाले.

हां, ते राहिलं. पदरचं कुठलं ते सांगतो म्हटलं होतं. तर मासा. मासा तेवढा खोटा. बोटाएवढा नाही, वीतभर नाही, हातभर नाही, काहीच नव्हतं, नुसतं पाणी होतं. सगळ्या गोष्टीत तेवढीच एक लावलेली, बाकी पंपाची घरघर खरी होती, ढेकर खरी होती, घोटा तर पूर्ण खरा होता. आणि माणसांनी विश्वास कशावर ठेवला ते तुम्ही ऐकलंच.

आता नवा पंप आहे. मी रोज सकाळी खाली जातो, कुणीतरी जायलाच हवं. डबीतली बाई काढून टाकली. सासूबाईंना मी सांगितलंय, पुरात मासा वाहून गेला नाही, वाचला, पण तुम्ही पाव टाकू नका, मी माझ्या हाताने घालतो. तर त्या जिन्याच्या वरून वाटी देतात, आदल्या दिवशीचा पाव, मऊ भाग तेवढा. फेकणार कुठे? खड्ड्यात टाकला तर जाळी पुन्हा तुंबेल. खड्ड्याशेजारी स्टुलावर बसतो, पंपाचं ऐकतो, आणि तो सगळा पाव मीच खातो. कोरडा. वरून विचारतात, "जावईबापू, खाल्लं का त्याने?"

मी म्हणतो, "खाल्लं, आई."

"मग झालं तर."